पात्र

यवतमाळ जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली की त्याचं प्रकरण फिरत फिरत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे येतं. पटवाऱ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, सातबारा, कर्जाचे कागद. जमीन कुटुंबातल्या कुणाच्या नावावर आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं, निदान परवाना असलेल्या सावकाराचं तरी आहे का? नापिकी होती का? वसुलीचा तगादा होता का? सगळं जुळलं तर प्रकरणावर एक शब्द पडतो: पात्र. मग घरच्यांना एक लाख रुपये मंजूर होतात. त्यातले ३० हजार हाती येतात, ७० हजार ठेवीत जातात. नाही जुळलं तर त्याच शब्दाआधी एक ‘अ’ लागतो. दुसऱ्याचं वावर मक्त्यानं किंवा बटईनं करणारा, पाहुण्यांकडून उसने पैसे आणून बियाणं पेरणारा, ज्याच्या नावावर गुंठाही नाही असा मजूर, यांचं मरण कागदाच्या भाषेत बहुधा अपात्र ठरतं.

मराठीतला हा ‘पात्र’ शब्द किती ठिकाणी राबतो पाहा. लायक माणूस म्हणजे पात्र. नाटकातली व्यक्ती म्हणजे पात्र. पाणी ठेवायचं भांडं म्हणजे पात्र, आणि नदी ज्या खोलगटातून वाहते तेही पात्रच. आता जे सांगायचं आहे त्याला या चारही अर्थांची गरज पडणार आहे, आणि चारही अर्थ एकाच जिल्ह्यात हाताशी सापडतात याचं मला फार नवल वाटतं.

आधी नाटक.

घरात मृत्यू झाल्यावर तेराव्या दिवशी जो विधी होतो, त्याला वऱ्हाडाकडे तेरवी म्हणतात, बोलीत तेरवं. त्या दिवशी अंगणात मांडव असतो, पंगत असते, सोयरेधायरे असतात. चौदाव्या दिवशी सकाळी मांडव निघतो आणि घरात उरते ती बाई, तिची पोरं आणि कर्ज. वर्ध्याच्या ‘अध्ययन भारती’ संस्थेनं जे नाटक रंगमंचावर आणलं त्याचं नाव हेच, ‘तेरवं’. लेखन श्याम पेठकर यांचं, दिग्दर्शन हरीश इथापे यांचं. गाणी आहेत, वऱ्हाडी बोली आहे. यात चकित करणारी गोष्ट एकच आहे, पण ती नाटकाच्या मुळाशी हात घालणारी आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांची भूमिका यात त्या बायकाच करतात. विदर्भातल्या गावांतून आलेल्या, निंदण-वेचणीची सवय असलेल्या आणि रंगमंचाशी तोवर काही नातं नसलेल्या.

हे ऐकायला साधं वाटतं. पण आपल्याकडची नाट्यकलेची समज हजार वर्षं एका उलट कल्पनेवर उभी आहे. नटाला ‘पात्र’ का म्हणायचं, याचं उत्तर काश्मीरच्या अभिनवगुप्तानं दिलं आहे. दहाव्या-अकराव्या शतकातला हा विचारवंत भरताच्या नाट्यशास्त्रावर भाष्य करताना सांगतो की भांड्यातल्या पेयाची चव भांड्याला कळत नसते. ती पिणाऱ्याला कळते. नट म्हणजे भांडं, रस प्रेक्षकाच्या ओठी. किती अचूक आहे हे! मंचावर धाय मोकलून रडणारी नटी प्रयोगानंतर रंग पुसते, चहा घेते आणि घरी जाते, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून तर आपण निर्धास्त रडतो. शोकांतिका सोसवते ती या करारामुळे.

‘तेरवं’मध्ये हा करार मोडतो. इथे भांड्याला चव माहीत आहे. प्रेक्षकाला ती नवी आहे, तिला जुनी आहे. प्रयोग संपल्यावर ती ज्या घरी परत जाते ते घर तेच आहे, जे तिनं आत्ता मंचावर सांगितलं. टाळ्या वाजवायच्या की नाही हे प्रेक्षकाला कळेनासं होतं, कारण टाळी अभिनयाला असते आणि इथे अभिनय नेमका कुठे थांबला आणि बाई कुठे सुरू झाली याची सीमा दिसत नाही. मला वाटतं, कलेनं चिथावणं म्हणतात ते याला. शिवी देऊन किंवा नागडं काही दाखवून माणूस दोन मिनिटं चिथावतो आणि विसरतो. आपल्या बसण्याच्या जागेखालची जमीनच काढून घेतली तर विसरता येत नाही.

आणि दुसरं एक. सरकारी कागदावर जिचा नवरा पात्र ठरेल की अपात्र याची ती वाट पाहत बसली होती, ती बाई इथे कुणाला न विचारता पात्र झाली. सातबारा नको, तगाद्याची नोटीस नको. वावरातलं निंदण तिचं, कापसाची वेचणी तिची, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी ओरबाडलेली बोटं तिची, पण सातबाऱ्यावर तिचं नाव बहुतेक वेळा नसतं. म्हणजे ती शेतकरी म्हणूनही कागदाबाहेर. मंचानं मात्र तिला आधी बोलायला जागा दिली, कागदपत्रं विचारली नाहीत.

मराठी कला शोषणाबद्दल आजच बोलू लागली असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं त्यात एका अडाणी कुणबी जोडप्याला धर्माच्या नावानं कसं नाडलं जातं तेच दाखवलं आहे. १९२५ मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला आणि जमीन गमावणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम उभे राहिले. या दोन्ही कृती मोठ्याच आहेत. पण त्यांत नाडलेल्याच्या जागी दुसरा कुणी उभा होता. ‘तेरवं’नं ती जागा ज्याची त्याला परत केली.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणं मला बरोबर वाटत नाही. ज्याचं दुःख आहे त्यालाच लोकांपुढे उभं करणं, हेही त्याला वापरणंच नाही का?

जगात या प्रश्नावर सगळ्यात निर्दयपणे बोट ठेवणारा कलावंत म्हणजे स्पेनचा सान्तियागो सिएरा. १९९९ साली हवानामध्ये त्यानं सहा बेकार तरुणांना एका रांगेत, प्रेक्षकांकडे पाठ करून उभं केलं आणि सहाही पाठींवरून सलग जाणारी अडीच मीटरची एक आडवी रेघ गोंदवून घेतली. प्रत्येकाला ३० डॉलर दिले. बस, एवढीच कलाकृती. रेघेला काही अर्थ नाही, सौंदर्य नाही, आणि ती जन्मभर जाणार नाही. ३० डॉलरला माणूस आपली पाठ देतो, हे वाक्य त्यानं शब्दांऐवजी कातडीवर लिहिलं. त्याचं एक काम भारताशीही जोडलेलं आहे. हातानं मैला वाहणाऱ्यांनी गोळा केलेली मानवी विष्ठा वाळवून त्यानं माणसाच्या मापाच्या २१ लाद्या बनवल्या आणि २००७ मध्ये लंडनच्या दालनात मांडल्या. सफाईच्या कामाकडे नाक दाबून पाहणाऱ्या जगाला त्यानं त्या कामाचा ऐवजच समोर आणून ठेवला.

सिएरावर टीका होते ती अशी की तो शोषण दाखवण्यासाठी शोषणच करतो. तो ते नाकारत नाही. त्याच्या कामाची भीषण ताकद त्या कबुलीतच आहे. तरीही त्या सहा पाठींचा विचार करताना मला एकच गोष्ट सारखी खटकते. त्या पाठी आहेत. तोंडं भिंतीकडे आहेत. ती माणसं काय म्हणाली असती, हे त्या कृतीत कुठेच येत नाही. सुई कलावंताच्या इशाऱ्यावर चालते, रेघ कलावंत ठरवतो, आणि नाव कलावंताचं होतं. ‘तेरवं’मधली बाई प्रेक्षकांकडे तोंड करून उभी आहे. नाटक लिहिणारा पुरुष आहे, बसवणारा पुरुष आहे, हे खरं. पण ज्या क्षणी तिच्या तोंडून तिची गोष्ट बाहेर पडते त्या क्षणी तिला कुणी आवरू शकत नाही. कला माणसाला वापरते की माणूस कलेला, हे ओळखायची मला तरी एवढीच खूण सापडली आहे: तोंड कोणत्या दिशेला आहे?

त्या तोंडाची ताकद यवतमाळनं ११ जानेवारी २०१९ रोजी पाहिली. ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला होतं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्‌घाटनाला नयनतारा सहगल यायच्या होत्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या नावाला विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली, आणि त्यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. आता दिवा कोण लावणार? ‘तेरवं’मध्ये काम केलेल्या वैशाली येडे यांना बोलावलं गेलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीनं घर ओढणाऱ्या. मराठीच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर, जिथे नामवंतांचीच पायरी असते, तिथे कापसाच्या वावरातून आलेली बाई उद्‌घाटक म्हणून बोलायला उभी राहिली.

त्या निवडीत आयोजकांची अडचण किती आणि उमज किती, यावर पुष्कळ बोललं गेलं. एकीचा अपमान दुसरीच्या सन्मानानं भरून निघत नाही, हे म्हणणं मला पटतं. पण मला अचंबा वाटतो तो वेगळाच. नाटकात ती पात्र होती. तिथून ती उतरली आणि खऱ्या मंचावर चढली, तेव्हा तिला भूमिका बदलावी लागली नाही. तीच बाई, तीच गोष्ट, तीच भाषा. नाटक कुठे संपलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्याच वर्षी वैशाली येडे यांनी यवतमाळ-वाशिम मतदारसंघातून लोकसभेची निवडणूकही लढवली.

आता नदीकडे जाऊ.

यवतमाळ जिल्ह्यात राजूर नावाची आणखी एक वस्ती आहे. ती वणी तालुक्यात, आणि लोक तिला राजूर कॉलरी म्हणतात. पहिलं राजूर कापसाचं, दुसरं कोळशाचं. पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणून यवतमाळ सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या पूर्वेच्या कडेला, वर्धा नदीच्या अल्याड, जमिनीखाली काळा थर पसरलेला आहे. नदीच्या पल्याड चंद्रपूर जिल्हा. पात्र मधून गेलेलं, पण थर एकच. हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. ग्लॉसोप्टेरिस नावाची जिभेच्या आकाराच्या पानांची झाडं तेव्हा दलदलीत वाढली, पडली, गाळाखाली दबली. ज्या महाखंडावर ती उगवली त्याचं नाव भूगर्भशास्त्रज्ञांनी ठेवलं गोंडवन. म्हणजे गोंडांचं वन. अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया ज्यात एकत्र होते त्या पृथ्वीच्या तुकड्याला ज्यांचं नाव आहे, ते गोंड आज केळापूर-झरीच्या रानात कोलामांच्या शेजारी राहतात आणि दिवाळीत दंडार नाचतात.

खाणीसाठी शेत गेलं की मोबदला मिळतो, आणि कोल इंडियाच्या धोरणानुसार साधारण दोन एकरामागे एक नोकरी. पुन्हा तोच शब्द. दोन एकर असेल तो पात्र. त्याच वावरात पिढ्यान्‌पिढ्या मजुरी केलेला, पण एकरही नावावर नसलेला, अपात्र.

या थराच्या पल्याडच्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा शहराजवळच्या सास्ती गावात १९८६ साली चित्रकार प्रभाकर पाचपुते यांचा जन्म झाला. त्यांच्या घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणींत राबलेल्या. ते शिकले शिल्पकला, आधी खैरागढला आणि मग बडोद्याला. पण त्यांचं नाव झालं ते एक अगदी हलकी, बोटाला लागून पुसली जाणारी वस्तू वापरून: कोळसा.

मराठीत हा शब्द दोन गोष्टींना चालतो. खाणीतला दगडी कोळसा, आणि लाकूड हवा कोंडून जाळलं की उरतो तो लाकडी कोळसा. चित्रकार चारकोल म्हणतात तो हा दुसरा. पहिल्याला बनायला कोट्यवधी वर्षं लागतात, दुसऱ्याला एक दुपार. दोन्ही मुळात झाडंच, दोन्हीत तोच कार्बन. पाचपुते कोळशाच्या कांडीनं दालनाच्या अख्ख्या भिंतीवर खाणकामगार रेखाटतात तेव्हा कालचं झाड पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडाची गोष्ट सांगत असतं. ज्या काळ्या पुडीनं बापजाद्यांची फुफ्फुसं भरली, तिचीच सख्खी बहीण मुलाच्या बोटांवर.

त्या भिंतीवरची माणसं नीट पाहावीत. धड कामगाराचं असतं, पण डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी अवजार, कधी घर. पहिल्यांदा पाहताना ती स्वप्नातली वाटतात. जरा थांबलं की कळतं, ही तर हुबेहूब नोंद आहे. खाणीत उतरलेल्या माणसाचं अंधारात काय दिसतं? डोक्यावरचा दिवा. बाकी माणूस नाहीच. ज्याच्याकडून फक्त अवजाराचं काम हवं असतं त्याचं डोकं हिशेबात धरलं जात नाही. आणि यवतमाळच्या वाचकाला या आकृत्या पाहून आणखी एक आठवण येईल. २०१७च्या पावसाळ्यात कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि पाठीवर पंप घेतलेली माणसं त्या हिरव्या भिंतींमधून फवारत चालली होती. त्या हंगामात जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत पडले. त्यांतले कितीतरी जण दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणारे होते. पाठ आणि पंप यांच्यात फरक उरत नाही, त्या माणसाचं चित्र पाचपुत्यांनी खाणीच्या अनुभवातून आधीच काढलेलं होतं.

त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन २०१२ मध्ये मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये झालं. नाव होतं ‘कॅनरी इन अ कोलमाईन’. ब्रिटनच्या खाणींत पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन उतरत. विषारी वायू माणसाला जाणवण्याआधी तो पक्षी कोसळे, आणि ते पाहून माणसं बाहेर पळत. पक्ष्यांची ही नोकरी ब्रिटननं बंद करायचं ठरवलं १९८६ साली. पाचपुत्यांचं जन्मवर्ष. आणि त्याच वर्षी १९ मार्चला, यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायकोमुलांसह आयुष्य संपवलं. महाराष्ट्रात जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून ती ओळखली जाते. एका वर्षात या तीन गोष्टी आल्या, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी हे आकडे शेजारी ठेवले की मन थबकतं. तिकडे पिंजरा उघडत होता, आणि इकडे जो पहिला कोसळला त्याच्याकडे पाहून कुणी बाहेर पळालं नाही. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाची माणसं दर १९ मार्चला अन्नत्याग करतात. एक दिवस जेवायचं नाही, एवढंच. त्याला कुणी कला म्हणत नाही. पण आपलं शरीर हेच माध्यम करून, आपलं तोंड लोकांकडे ठेवून केलेली ती कृती मला त्याच कुळातली वाटते.

पाचपुते पुढे साओ पावलो, इस्तंबूलच्या बिएनाले कलाप्रदर्शनांपर्यंत पोचले. २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत आला, फाटक्या पायांचे फोटो देशानं पाहिले, आणि त्याच वर्षाअखेर कोचीच्या बिएनालेत पाचपुत्यांच्या भिंतींवर शेतकरी होते. खाणीकडून ते शेताकडे वळले असं म्हणणं मात्र बरोबर नाही. खाण शेताच्याच पोटात असते. २०२१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफचा ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि वेल्स म्हणजे खाणकामगारांचाच देश. त्या वर्षी परीक्षकांनी एकाची निवड करायचं नाकारलं आणि अंतिम यादीतल्या सहाही जणांना पुरस्कार विभागून दिला. सहाही पात्र.

प्रदर्शन संपलं की या भिंतींवर पांढरा रंग मारतात. आठवडाभर खपून काढलेली माणसं एका दुपारी नाहीशी होतात. विकायला काही उरत नाही, दिवाणखान्यात टांगायला काही उरत नाही. कामगाराच्या कष्टाचंही असंच होतं, ते वस्तूत जिरतं आणि दिसेनासं होतं. पण कोळसा चिवट असतो. एका हातात जात नाही. वरून पांढरा रंग कितीही दिला तरी खालून राखाडी झाक येत राहते, पुन्हा हात द्यावा लागतो.

वणीच्या खाणींकडून कोळशाचे ट्रक दिवसरात्र धावतात आणि रस्त्याकडेच्या वावरांवर त्यांची धूळ बसते. कपाशी फुटायला आणि वारा कोरडा व्हायला एकच गाठ पडते. उमललेल्या बोंडावर बारीक काळी रेघ उठते, धुवून जात नाही, झटकून जात नाही. कापूस काळा पडतो, भाव पडतो, ही त्या भागातल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. बाई तो वेचते, गाठोडं बांधते, गाडी बाजारात जाते. तिथे ग्रेडर चिमूटभर कापूस उचलतो, उजेडाकडे धरतो, बोटांत ताणून पाहतो, आणि शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो.